स्लीपरचे बाक



गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेसाठी आम्ही चार बाक विकत घेतले. वर्गणी दारोदार फिरून जमविली होती. कुणी पन्नास दिले, तर धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी दोनशे दिले. तेव्हा वस्तू घ्यायची ती टिकाऊच, असे कमिटीत एकमताने ठरले. दुकानदार म्हणाला, "साहेब, रेल्वेच्या स्लीपरचं लाकूड आहे. वरून गाड्या गेल्या तरी मोडलं नाही, तुमची पोरं काय मोडणार!" आम्हाला ते पटले. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत बिले तपासण्यात आयुष्य चाललेले. पण त्या दिवशी पक्के बिल मागायचे विसरलो आणि कच्च्या चिठ्ठीवर बाक उचलून आणले.

बाक दिसायला देखणे होते. सुतारानेही मन लावून काम केले होते. स्पाईकच्या जुन्या भोकांत लाकडाच्या गुट्ट्या ठोकून वरून रंधा मारलेला, पायांना खाच पाडून घट्ट बसविलेले, कुठे खिळा दिसत नव्हता. स्लीपरचे काम सोपे नाही. आत लोखंडाचा एखादा तुकडा मोडून राहिलेला असतो, त्यावर करवत गेली की दाते जातात. म्हणून चांगला कारागीर आधी सगळे लोखंड शोधून काढतो, मगच लाकडाला हात लावतो. जोधपूरच्या कारखान्यांतून असे जुन्या लाकडाचे टेबल-बाक परदेशी जातात आणि तिथे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात बसतात.

एप्रिल संपता संपता आमच्या चार बाकांपैकी एकातून काळे चिकट थेंब सुटू लागले. मुलांच्या पँटींना डाग पडले. एका मुलीच्या हाताला पुरळ उठले. दार उघडले की नव्या डांबरी रस्त्यासारखा वास यायचा. आम्ही दोन वेळा साबणाने घासून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

आमच्याच गल्लीत एक आप्पा राहतात. पस्तीस वर्षे त्यांनी रुळावर गँगमन म्हणून काढली. त्यांना बोलावले. त्यांनी बाक उलटा केला, कापलेल्या टोकाला नखाने खरवडले, वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, हे तीन सालाचे आहेत, खुशाल वापरा. हा चौथा चिडाचा. ह्याला तेल पाजलेलं आहे. ह्याच्यावर लेकरं बसवू नका."

आप्पांचे म्हणणे आम्ही पुढे पुस्तकांतून पडताळले, ते अक्षर न् अक्षर बरोबर निघाले. आपल्या रेल्वेने स्लीपरच्या लाकडाचे दोन वर्ग केले होते. साग, साल ही लाकडे मुळातच टिकाऊ, म्हणून ती तशीच रुळाखाली घालत. हा साल म्हणजे कुशीनाऱ्याच्या हकिकतीत आपण ऐकतो तोच वृक्ष. चीड म्हणजे हिमालयातील पाईन. हे लाकूड लवकर कुजते, वाळवी लागते. म्हणून पंजाबात धिलवान, बरेलीजवळ क्लटरबकगंज अशा ठिकाणच्या कारखान्यांत त्याला दाबाखाली क्रिओसोट आणि इंधन तेलाचे मिश्रण पाजत. क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २७५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १३ जाड. एवढ्या जाड लाकडात मुरलेले तेल वरून रंधा मारून जात नाही. ऊन लागले की ते बाहेर येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रिओसोटला माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत धरले आहे. अंगाला लागले आणि वर ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे असे जुने लाकूड घराच्या आत, मुलांच्या खेळण्यांत, बागेतल्या टेबल-बाकांतसुद्धा वापरता येत नाही. आपल्याकडे मात्र त्याचा पलंग होतो, बाळाचा पाळणा होतो, स्वयंपाकघरातील फळी होते. आणि जो सुतार तोंडाला फडके न बांधता ते दिवसभर कापतो, त्याच्या छातीत काय जात असेल याची चौकशी कोण करतो?

विकत घेताना आप्पांची रीत ध्यानात ठेवावी. कापलेले टोक पाहावे. कडेला काळसर आणि मध्ये फिकट असा पट्टा दिसला, तर तेल पाजलेले आहे असे समजावे. लहान ढलपी उन्हात ठेवून वास घ्यावा. आणि साग-साल असले तरी एक गोष्ट आप्पांनीच सांगितली. गाड्यांचे संडास कितीतरी वर्षे थेट रुळावर सुटत होते. तेव्हा चांगले रंधून, घासून, पॉलिश केल्याशिवाय त्या लाकडावर ताट ठेवू नये.

एवढे लाकडाचे ज्ञान असलेला हा माणूस गँगमन म्हणून लागला आणि गँगमन म्हणूनच निवृत्त झाला. मनमाडला १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमके हेच मांडले होते. आपला माणूस रुळावर गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर तिथेच राहतो. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करावे लागे, म्हणून त्याला साधे पोर्टरही करत नाहीत. आम्ही हे आप्पांना वाचून दाखविले. ते हसले नि म्हणाले, "आमच्या गँगचंच लिहिलंय की."

आता बिलाची गोष्ट. बाक परत करायला गेलो, तर दुकानदाराने चिठ्ठी ओळखण्यासच नकार दिला. वर म्हणाला, "जास्त बोलू नका, रेल्वेचा माल आहे, तुम्हालाच विचारतील." त्याचा दम खोटा नव्हता. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ असा कायदा आहे. चोरीचा असावा असा वाजवी संशय येणारा रेल्वेचा माल कुणाजवळ सापडला, तर तो रीतसर मिळाला हे त्यानेच सिद्ध करायचे असते. ते जमले नाही तर पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे आपला भंगार माल लिलावात विकते, हल्ली हा लिलाव ऑनलाईन होतो. तेव्हा ज्याने लिलावात घेतला त्याच्याजवळ कागद असतोच. दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे आणि त्यावर 'जुने रेल्वे स्लीपरचे लाकूड' असे स्पष्ट लिहून घ्यावे.

रुळाकाठच्या वस्तीतील आयाबायांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पोरगा खेळता खेळता फिशप्लेट किंवा लोखंडी चावी उचलून आणतो, दाराला टेकण म्हणून ती घरात पडून राहते. हौशी मंडळी तर रुळाच्या तुकड्याचे टेबलाचे पाय करतात. एक मीटर रूळ ५२ किंवा ६० किलोचा असतो, तो काही पिशवीतून येत नाही! विकणाऱ्याकडे कागद नसेल तर घेऊ नये.

चौथ्या बाकाचे काय करावे यावर कमिटीत बराच वाद झाला. जाळू या, असे काहींचे म्हणणे होते. आप्पांनी अडविले, कारण त्याचा धूर घातक. शेवटी पाय काढून ती फळी अभ्यासिकेच्या मागच्या गटारावर आडवी टाकली, पाण्याच्या टाकीपासून लांब. नव्या बाकासाठी पुन्हा वर्गणी काढली आहे. त्या ताईंकडे आम्ही संकोचाने गेलोच नव्हतो, त्याच परवा शंभर रुपये घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्या वेळी आप्पांना संगं न्या."