पहिलारू गाईची कास : साधी सूज की दगडी?



संकरित कालवड पहिल्यांदा विण्याला आली की घरातल्या सर्वांचे लक्ष तिच्या कासेकडे लागते. कास टम्म होते, कधी सूज बेंबीपर्यंत जाते. काही जण घाबरून लगेच इंजेक्शनाची घाई करतात. काही जण ‘पहिल्या वेताला असेच असते’ म्हणून आठ दिवस काढतात. दोन्हींत नुकसान आहे.

विण्याच्या सुमारास येणारी साधी सूज बहुधा सगळ्या कासेवर असते. बोटाने दाबले तर खळगा पडतो व सावकाश भरतो. कास कढत नसते, दूध स्वच्छ असते. ही अंगातल्या पाण्याची सूज. ती व्याल्यानंतर हळूहळू उतरते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. दगडीचे तसे नाही. तिथे बहुधा एखादाच सड किंवा कासेचा एकच भाग कढत, घट्ट, दुखरा होतो. दुधात गुठळ्या, पाणी किंवा रक्त दिसते. (पहिलारू लाथ मारतेच, तेव्हा केवळ लाथेवरून ठरवू नका.) धार बहुतेक घरांत माउलीच काढतात. त्यांनी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या वाटीत घेऊन पाहाव्यात. गुठळी लगेच उठून दिसते.

जिची धार कधी काढलीच नाही तिला दगडी कशी, असे पुष्कळजण विचारतात. वासरे एकमेकांचे सड चोखतात, माश्या सडाच्या टोकाला जखमा करतात, ओल्या शेणात बसल्याने जंतू आत शिरतात. कालवड गाभण असतानाच रोग आत दबा धरून असू शकतो. म्हणून विण्याच्या महिनाभर आधीपासून चारही सड रोज हाताने चाचपावेत. मात्र चीक पाहण्यासाठी पिळू नयेत. सडाच्या तोंडाचे बूच निघते आणि जंतूंना वाट मिळते.

आता औषधाचे. दगडी एकाच जंतूने होत नाही. काही जंतू पेनिसिलिनला लवकर दबतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा मात्र कासेत गाठी करून बसतो, तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या गाईला लागू पडलेली नळी आपल्या गाईला पडेलच असे नाही. पहिली नळी भरण्यापूर्वी सड स्पिरिटच्या कापसाने पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत दुधाचा नमुना घ्यावा आणि पशुवैद्यक अधिकाऱ्यांकडे द्यावा. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडणे कठीण. गाय तापली असेल, चारा सोडला असेल, तर नमुन्याच्या निकालासाठी थांबू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

नळी भरताना कास पूर्ण पिळून रिकामी करा. एक नळी एकाच सडाला. अर्धी-अर्धी वाटून दोन्ही सडांचे नुकसान होते. दुसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या मात्रा द्या. अर्धवट सोडल्यास रोग उलटतो, आणि उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो.

शेवटच्या मात्रेनंतर वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचे दूध डेअरीला घालू नका, घरात वापरू नका. औषध एकाच सडात भरले तरी त्याचा अंश इतर सडांतही उतरतो. उकळल्याने तो भरवशाने जात नाही. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हे कित्येक गृहिणींनी पाहिले असेल. डेअरीत असे एका घरचे दूध टाकीत पडले तर सगळ्या गावाचे दूध परत येऊ शकते. वासरालाही ते पाजू नका. खड्ड्यात ओतून माती लोटा.

आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढा, नंतर हात साबणाने धुवा. धार झाल्यावर सड आयोडिनच्या औषधात बुडवून गाईपुढे लगेच वैरण टाका. अर्धा तास तरी ती उभी राहील, तेवढ्यात सडाचे तोंड मिटू लागते. आणि गोठ्यात एखाद्या वासराला दुसऱ्याचे सड चोखण्याची खोड असेल, तर ते आजच वेगळे बांधा.