उसनी शैली : वारीची छायाचित्रे आणि आपली समीक्षा

मराठीत छायाचित्रांच्या प्रदर्शनांवर जे थोडेफार लिहिले जाते, त्यात 'शैली' ही संज्ञा फार सैलपणे वावरते. अमक्याची शैली काव्यात्म, तमक्याची वास्तववादी. एकाला रंगांची ओढ, दुसऱ्याला छायाप्रकाशाचे भान. विशेषणांची अशी वाटणी झाली की तुलना पुरी झाली, असे मानले जाते. पदव्युत्तर वर्गांतील निबंधही आता याच वाटेने जाऊ लागले आहेत. ही संज्ञा साहित्यसमीक्षेतून उसनी घेतलेली आहे आणि उसनी घेताना तिच्यासोबतची अट मात्र आपण मागेच ठेवली आहे, हे येथे मांडावयाचे आहे.

ती अट अशी : साहित्यात शैली म्हणजे भाषेने देऊ केलेल्या पर्यायांतून लेखकाने पुन:पुन्हा केलेली निवड. शब्दकळा, वाक्यबंध, लय यांतून ती मजकूरभर पसरलेली असते. म्हणूनच निनावी मजकुराच्या कर्तृत्वाविषयीही साधार बोलता येते. छायाचित्राबाबत हे कितपत संभवते? सुसान सोंटॅग यांनी 'ऑन फोटोग्राफी' (1977) या ग्रंथात एडवर्ड मायब्रिज याचा दाखला घेऊन हाच प्रश्न उपस्थित केला होता. प्राण्यांच्या व माणसांच्या हालचालींचा त्याने केलेला अभ्यास आणि मध्य अमेरिकेतील त्याची प्रवासचित्रे एकाच हातची आहेत, हे चित्रांतील पुराव्यावरून कोणालाही सांगता येत नाही. विषय बदलला की कर्ता दिसेनासा होतो. जॉन शार्कोव्स्की यांनी 'द फोटोग्राफर्स आय' (1966) मध्ये छायाचित्राचा विचार पाच अंगांनी केला : प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि दृष्टिस्थान. या पाचांत 'शैली' नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आमच्या मते या पाचांतील शेवटचे अंग निर्णायक आहे आणि मराठी समीक्षेने नेमके तेच दुर्लक्षिले आहे.

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या वारीचेच उदाहरण घ्यावे. संदेश भंडारे यांनी 'वारी : एक आनंदयात्रा' या संग्रहात वारी टिपली ती जमिनीवरून, चालणाऱ्यांच्या सोबतीने. उद्धव ठाकरे यांनी 'महाराष्ट्र देशा' (2010) मध्ये गडकिल्ले आणि 'पहावा विठ्ठल' (2011) मध्ये वारी टिपली ती आकाशातून. जहांगीरसारख्या कलादालनाच्या भिंतीवर आलेल्या अशा चित्रांविषयी बोलताना आपण पहिली शैली 'मानवी' आणि दुसरी 'भव्य' असे म्हणून मोकळे होतो. परंतु हा भेद स्वभावाचा अथवा संवेदनशीलतेचा आहे, असे कशावरून? तो प्रथमत: उभे राहण्याच्या जागेचा भेद आहे. तोच माणूस विमानातून उतरून दिंडीत शिरला तर त्याची 'भव्यता' त्याच क्षणी मावळेल.

जागेचा हा भेद दिसण्यापुरता असता तर वाद घालण्याचे कारण नव्हते. जागेबरोबर विधान बदलते. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिलेल्या सोहळ्यात रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचा क्रम ठरलेला आहे. रथापुढील 27 दिंड्यांचे मान निश्चित आहेत. कोण कोठे चालणार, हे परंपरेने बांधलेले आहे. उंचावरून हा क्रम लोपतो. रांग प्रवाह होते, माणूस ठिपका होतो आणि ठिपक्यांत उच्चनीच नसते. वारीतील समता अशा चित्रात पुराव्याविना सिद्ध होते. इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखात ('परिपूर्ती', 1949) चालणारी बाई याच वारीत ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसताना पाहते आणि व्यथित होते. ती पंगत पाहण्यासाठी पंगतीच्या उंचीवर असावे लागते. हजार फुटांवरून दोन पंगतींमधील अंतर दिसत नाही. ते दिसत नाही म्हणून नाही असे ठरते आणि मग चित्राखाली 'एकरूपता' हा शब्द आपणच लिहितो.

यावर असा आक्षेप येईल की, छायाचित्राकडून समाजशास्त्राची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. आक्षेप मान्य, पण मग त्याच चित्राच्या आधारे समाजाविषयी निष्कर्ष काढणेही थांबवावे लागेल. दुसरा आक्षेप असा की, आम्ही जमिनीवरील चित्राला आपोआप सत्याचा मान देत आहोत. तसे नाही. जवळून टिपलेला वारकऱ्याचा चेहरा त्याला त्याच्या दिंडीपासून, तिच्या मालमोटारीपासून आणि चुलीपासून तोडूनच चौकटीत येतो. 'आनंदयात्रा' हे नावही एक निवडच आहे. वाटेतला थकवा, रांग, पाण्यासाठीची वणवण यांना ते नाव किती सामावून घेते, हे विचारलेच पाहिजे. उलट वारीचा आवाका, रस्त्याने तिला दिलेले वळण, रिंगणाची भूमिती हे केवळ उंचावरूनच कळते. नादारने 1858 मध्ये फुग्यातून पॅरिसजवळचा प्रदेश टिपला तेव्हापासून ही दृष्टी ज्ञान देत आली आहे. आणि पहिल्या महायुद्धात तोफांचे लक्ष्य ठरविण्यासाठीही तीच वापरली गेली, हेही विसरता येत नाही.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, त्यांच्याविषयी बोलतानाही 'कृष्णधवल शैली'चा उल्लेख आधी होतो. वस्तुत: कृष्णधवल असणे हा त्या चित्रांचा विशेष नव्हे, तशी चित्रे लग्नाच्या जुन्या अल्बमांतही आढळतात. विशेष आहे तो कॅमेरा कामगारासोबत घाणीच्या पातळीवर उतरला, हा. शैलीची भाषा ही कृती झाकते आणि नैतिक निर्णयाला अभिरुचीचा प्रश्न बनविते. समीक्षकाला ते सोयीचे असते, कारण अभिरुचीवर कोणी जाब विचारत नाही.

मग तुलना कशाच्या आधारे करावी? साहित्यसमीक्षेकडे त्यासाठी शैलीहून उपयुक्त संज्ञा होती : निवेदकाचे स्थान. सर्वज्ञ निवेदकाची कादंबरी आणि पात्राच्या शेजारून सांगितलेली कादंबरी यांतील भेद आपण 'शैली'वर सोडून देत नाही. कोणाला काय ठाऊक असू शकते, हे विचारतो. दि. बा. मोकाशी यांच्या 'पालखी'चे (1964) मोल ठरविताना निवेदक वारीत चालत आहे, तरी वारकरी नाही, हे आपण आधी ध्यानात घेतो. छायाचित्रकारालाही हेच प्रश्न विचारता येतील. तो कोठे उभा आहे? तेथे पोहोचण्याचे साधन कोणाच्या हाती असते? आणि त्या जागेवरून काय दिसणे अशक्य आहे? रंग, प्रकाश, रचना यांचा विचार या तिन्हींच्या नंतर यावा.

हा वाद केवळ संज्ञेचा नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या कारखानदारी पट्ट्यात आळंदी आहे. गेल्या काही वर्षांत तेथील घाटालगत इंद्रायणीवर साचलेल्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे वृत्तपत्रांत वारंवार आली. दुरून पाहता तो फेस हिमासारखा दिसतो; त्यात स्नानाला उतरलेल्या वारकऱ्याच्या कमरेपाशी तो सांडपाणी असतो. उद्या ही चित्रे दालनाच्या भिंतीवर लागतील आणि त्यांची तुलना करणे आपल्या विद्यार्थ्यांकडे येईल. त्या वेळी त्यांनी एकीला 'स्वप्नवत' आणि दुसरीला 'दाहक' म्हणून दोघींना सारखे गुण दिले, तर तो दोष त्यांचा नसेल. तशी समीक्षा आपण त्यांना शिकविली, असेच म्हणावे लागेल.