बिलीची भूमिका कोण करणार?



आयर्लंडमध्ये गावोगाव हौशी नाटक मंडळं आहेत. दिवसा दुकान, शाळा, शेती, आणि संध्याकाळी गावच्या सभागृहात तालीम. अ‍ॅथलोन शहरात 1953 पासून त्यांचा अखिल आयर्लंड महोत्सव भरतो. आपल्या जलशांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. अशा छोट्या मंडळांनी मार्टिन मॅकडोना यांचं ‘द क्रिपल ऑफ इनिशमान’ करायला घेतलं, की एक प्रश्न हमखास उभा राहतो. मला बोलायचंय ते त्याच प्रश्नावर.

नाटक विनोदी आहे, पण तो विनोद काळा. साल 1934. शेजारच्या बेटावर अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’ हा चित्रपट करतोय. हा चित्रपट खरोखरच झाला होता, आणि त्याची गंमत बघा: त्यातलं ‘कुटुंब’ एका घरातलं नव्हतंच, आणि शार्कची जी शिकार बेटाचं रोजचं जगणं म्हणून दाखवली, ती बेटावर केव्हाच बंद पडली होती. ती लोकांना नव्याने शिकवावी लागली! बाहेरचा माणूस येतो, तुमची गरिबी सुंदर करून दाखवतो आणि निघून जातो.

नाटकाचा नायक बिली जन्मापासून अपंग. सगळं गाव त्याला ‘लंगडा बिली’ म्हणूनच हाक मारतं. दुष्टपणाने नव्हे, सवयीने. त्याची मागणी एवढीच, की मला नुसतं बिली म्हणा. प्रेक्षक इथे हसतात. मला हसू येत नाही. 1938 साली ‘हरिजन’ शब्दावरून बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार मुंबई विधिमंडळातून सभात्याग करून बाहेर पडले होते. आपल्याला काय म्हणायचं हे दुसऱ्याने ठरवायचं नाही, हे ज्यांना कळतं त्यांना बिली लगेच कळतो. (‘दिव्यांग’ या शब्दावर अनेक अपंग कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे, तोही यासाठीच. आपण तो किती सहज वापरतो!)

खोटं बोलून बिली हॉलीवूडला जातो. तिथे अपंगाच्या भूमिकेसाठी त्याची चाचणी होते आणि भूमिका मिळते धडधाकट नटाला. मॅकडोनांनी मारलेली ही चपराक आहे. आणि 2013 साली लंडनच्या मोठ्या रंगभूमीवर बिली कोणी केला? हॅरी पॉटरवाल्या डॅनियल रॅडक्लिफने. काम चांगलं केलं असेल, वाद त्याचा नाही. पण नाटक ज्याची थट्टा करतं तेच नाटकवाल्यांनी केलं, आणि तिकिटं खपली.

मोठ्या थिएटरला गल्ल्याची सबब आहे. छोट्या मंडळाला ती नाही. त्यांची सबब वेगळी: “आम्हाला तसा कलाकार सापडला नाही.” हे वाक्य कुठे ऐकलंय, आठवतं? राखीव जागेच्या मुलाखतीनंतर फाइलवर हाच शेरा पडतो: योग्य उमेदवार आढळला नाही. शोधलं कुठे, चाचणीची जाहिरात कुठे लावली, सभागृहाला उतार होता की नुसत्या पायऱ्या, हे कोणी विचारत नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणं, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मग बिलीला इतरांच्या कातडीत शिरायची संधी कधी? अपंग नटाला राजा, पोस्टमन, प्रियकर कोणी दिलाय? रस्ता दोन्ही बाजूंनी खुला असेल, तर रॅडक्लिफने खुशाल बिली करावा.

आता घरचं सांगतो. वस्तीतल्या आमच्या पथनाट्य गटात पोलिओ झालेला एक मुलगा चार वर्षं होता. आवाज खणखणीत, गाणी तोंडपाठ. आम्ही त्याला ढोलकीमागे बसवलं आणि सामानाची राखण दिली. रोहित वेमुलावरच्या नाटकात त्याला भूमिका द्यावी, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मी तर समाजशास्त्रात एम.ए. केलेला! विचारलं असतं तर मीच म्हणालो असतो, “अरे, चौकात पळापळ असते, त्याला झेपणार नाही.” त्याला कोणी विचारलंच नाही. दोन वर्षांपूर्वी तो यायचा थांबला.

मागच्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. चहा झाला, जुन्या प्रयोगांच्या गप्पा झाल्या. नव्या नाटकात सूत्रधार करशील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “आधी संहिता दाखव, दादा. त्यात माझ्या पायावर विनोद असेल तर मी तो बदलणार.”

संहिता त्याच्याकडे दिली आहे.