कर्ज लवकर फेडणारा चिकट नसतो

घरासाठी कर्ज काढणाऱ्याला आपल्याकडे कुणी नावं ठेवत नाही. नव्या घरात कुराणख्वानी होते, देग चढते, पाहुणे फरशी बघून माशाअल्लाह म्हणतात. नावं ठेवली जातात ती हेच कर्ज मुदतीआधी फेडायला निघालेल्याला. त्यानं दुचाकी बदलली नाही, धाकट्याच्या अकीक्याला चारशे माणसं बोलावली नाहीत, की तो ‘चिकट’ ठरला. रहिमतपुरात हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो, आणि हा लेख त्या रागातूनच लिहितोय.

मला विचारणारे विचारतात, ‘भाई, सुरुवात केली होती, सहा महिने जास्तीचे भरले, मग उमेद गेली. उमेद टिकवायची कशी?’ यावर मनाची ताकद वगैरे सांगणाऱ्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. पहाटे उठा, ध्येय भिंतीवर लिहा. माझं म्हणणं असं की उमेद मनातून जात नाही. बँकेचा हिशेब ती खातो आणि उरलेली आपली बिरादरी खाते.

आधी हिशेब. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, व्याज सोयीसाठी ९ टक्के धरू. हप्ता येतो सुमारे १७,९९५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १५,००० व्याजात जातात, मुद्दल कमी होतं २,९९५ रुपयांनी. वर्षभरात तुम्ही २ लाख १६ हजारांच्या आसपास भरता आणि कर्ज उतरतं फक्त साडेसदतीस हजारांनी. निम्मं कर्ज कधी फिटतं? दहाव्या वर्षी नाही. चौदा वर्षं संपतात तेव्हा! ज्याला हे कुणी सांगितलेलंच नाही, तो तिसऱ्या वर्षी खाते उतारा बघतो आणि त्याचे हातपाय गळतात. तो आळशी नाही, त्याला घसरणीचा रस्ता चढण सांगून दिलाय.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. त्याच कर्जात पहिल्यापासून दरमहा १,५०० रुपये जास्त भरले तर कर्ज साडेतीन वर्षं आधी संपतं आणि जवळपास ४ लाख ९० हजारांचं व्याज वाचतं. ५,००० जास्त भरले तर आठ वर्षं आधी, आणि वाचतात साडेदहा लाखांहून जास्त. पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदाच १ लाख भरलात तर पुढचे २७ हप्ते उडतात. तेच १ लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरलेत तर उडतात आठ. म्हणजे जास्तीच्या पैशाची सगळी जादू सुरुवातीच्या वर्षांत आहे, नेमकी तेव्हा, जेव्हा उताऱ्यावर काहीच हलताना दिसत नाही.

म्हणून उमेद टिकवायची असेल तर उरलेली रक्कम बघू नका, उडालेले महिने मोजा. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा, २४० चौकोन आखा. हप्ता भरला की पुढून एक खोडा, जास्तीचे भरले की मागून खोडा. बायकोला दाखवा, मुलांना दाखवा. घरात एकट्यालाच माहीत असलेली बचत पहिल्या लग्नसराईत मरते.

आता बिनबोभाट झालेली एक लूट. २०२१ च्या सुमारास ७ टक्क्यांनी कर्जं घेतलेल्यांचं काय झालं? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. ७ टक्क्यांना २० लाखांचा हप्ता होता १५,५०६. दर साडेनऊ झाल्यावर २० लाखांचं एका महिन्याचं व्याजच होतं १५,८३३. हप्ता व्याजालाही पुरेना! कित्येक ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली आणि कर्जदाराला पत्ताही नाही. ज्यांनी पोटाला चिमटा काढून वर्षभर जास्तीचे भरले त्यांचे महिने आपोआप परत वाढले. अशा माणसाला ‘उमेद ठेव’ म्हणणं हा विनोद आहे. १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे ग्राहकाला निवडू द्या, स्थिर दराकडे जायची सोय द्या आणि मुदतीआधी भरायची मुभा ठेवा. पण अर्ज दिल्याशिवाय कुणी घरी येऊन विचारत नाही. तसंच जास्तीची रक्कम भरताना लेखी लिहून द्या की मुदत कमी करा, हप्ता नको. फिरत्या दराच्या घरकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, हा नियम जून २०१२ पासून आहे. तरीही काउंटरवर ‘चार्ज लागेल’ असं कुणी म्हणालं तर ते लिहून मागा. लिहून कुणी देत नाही.

लिहून मागणं ही आपल्या जिल्ह्याची जुनी लढाई आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि गावोगाव लोकांचा हात सर्वांत आधी कर्जरोख्यांकडे गेला. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी. त्यात कुळाला पैसे भरल्याची पावती आणि वर्षाचा हिशेब लेखी मागायचा हक्क होता. आणखी एक गंमत सांगतो, कडू आहे. दामदुपटीचा जुना नियम होता, की एका वेळी मागायचं थकीत व्याज मुदलाहून जास्त नको. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो ऋणको हिंदू असेल तर लावला, मुसलमान ऋणकोला नाही. कारण काय, तर तो नियम हिंदू कायद्याचा! म्हणजे ज्याचा धर्म व्याज नाकारतो, त्यालाच हे संरक्षण नाही.

इथे आपल्या मौलवीसाहेबांकडे वळतो. जुम्म्याच्या बयानात कर्जाचा विषय आला की एक हदीस हमखास येते. एका माणसाचा जनाजा आणला गेला, त्याच्यावर कर्ज होतं, आणि पैगंबर साहेबांनी स्वतः नमाज पढवायला नकार दिला. ऐकणारा घरकर्जवाला मान खाली घालतो. पण हदीस तिथे संपत नाही. अबू कतादा उठले, म्हणाले कर्ज माझ्यावर, आणि मग नमाज झाली. हा दुसरा भाग आपल्याकडे घाईत उरकला जातो. भीती सगळ्यांना वाटली जाते, अबू कतादा मात्र कुणी व्हायला तयार नाही. घर नसलेल्या माणसानं नाइलाजानं व्याजाचं कर्ज घ्यावं का, यावर उलेमांत एकमत नाही. १९९९ मध्ये युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्चनं तिकडच्या मुसलमानांना राहत्या घरासाठी गरज म्हणून सवलत दिली, इतरांनी ती अमान्य केली. मी मुफ्ती नाही. पण गरज म्हणून उघडलेलं दार गरजेपुरतंच उघडं ठेवायचं असतं, एवढं तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. मग ते वीस वर्षांऐवजी बारा वर्षांत बंद करणाऱ्याची पाठ मशिदीत का थोपटली जात नाही? पाठ थोपटली जाते ती हजार माणसांचा वलीमा घालणाऱ्याची, आणि त्यातले निम्मे वलीमे पतसंस्थेच्या कर्जावर असतात, हे जेवणाऱ्यांनाही माहीत असतं.

दुसरे शहाणे म्हणजे गुंतवणूकवाले. त्यांचं गणित: कर्ज ९ टक्क्यांचं, एसआयपी १२ टक्के देईल, फेडता कशाला? यातलं ‘देईल’ हे भविष्यकाळी क्रियापद आहे. कर्जावरचे ९ टक्के मात्र वर्तमानकाळी आहेत, वाचले की वाचले. आणि दरमहा १२ टक्क्यांचं स्वप्न बघत खरोखर गुंतवणारे किती? फेडायचे पैसे फेडले नाहीत की ते मोबाइलच्या हप्त्यात जातात, एवढं मी डोळ्यांनी बघतो. आयकर वाचतो म्हणणाऱ्यांनी नवी करप्रणाली एकदा वाचावी, स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट तिच्यात मिळत नाही. जुन्या प्रणालीतही १०० रुपये व्याज देऊन २० किंवा ३० रुपये कर वाचवणं याला कमाई म्हणत नाहीत.

आणि ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून दारात येणाऱ्यांपासून तर दूरच राहा. बंगळुरूच्या आयएमए कंपनीनं हेच नाव सांगून हजारो मुसलमान घरांचे पैसे घेतले आणि जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख देश सोडून पळाला. त्यात लोकांच्या लेकींच्या लग्नाचे, हजचे पैसे होते.

आपल्या भागात एक सोय मात्र हाताशी आहे, भिशी. पगारदाराकडे एकरकमी लाख नसतो. एका गल्लीतल्या दहा कर्जदारांनी दरमहा १०,००० ची भिशी लावावी, चिठ्ठी निघेल त्यानं पूर्ण लाख कर्जखात्यात भरावा आणि पावती सगळ्यांना दाखवावी. लिलावाची भिशी नको, ती फिरून व्याजच आहे. ज्याचं कर्ज सर्वांत नवं त्याला पहिली पाळी द्या, कारण वर सांगितलं तसं सत्तावीस हप्ते तिथेच उडतात. एकट्याची उमेद सहा महिन्यांत जाते, दहा जणांत पावती न दाखवण्याची लाज वाटते. अबू कतादा व्हायची ही छोटी वाट आहे, व्याज न देता-घेता. आल्याचे पैसे एकदम हातात येणाऱ्या शेतकऱ्याला भिशीचीही गरज नाही. भाव चांगला मिळालेल्या वर्षी पहिला भाग कर्जात टाकावा, कारण पुढच्या वर्षी तो कसा कोसळतो हे कोरेगाव तालुक्यात कुणाला सांगायला नको.

आता ज्यांनी घाई करू नये त्यांच्यासाठी. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल, दवाखान्याचा विमा नसेल, क्रेडिट कार्डाचं किंवा पतसंस्थेचं महागडं कर्ज डोक्यावर असेल, तर आधी ते. मुलीची फी थांबवून बँकेत पैसे भरणारा बापही मी बघितलाय, त्याला मी शाबासकी देणार नाही. एखादा महिना जास्तीचे भरता आले नाहीत तर चौकोन रिकामा ठेवा, पुढच्या महिन्यात परत सुरू करा. रोजा चुकला तर आपण कजा करतो, रमजान सोडून देत नाही.

शेवटचा हप्ता भरला की काम संपलं असं समजू नका. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेनं घराची मूळ कागदपत्रं परत द्यायची, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बेबाकी दाखला घ्या आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर चढवलेला बोजा उतरवायचा अर्ज तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेला स्वतः जाऊन द्या. तो फेरफार मंजूर झाला की देग चढवा, हवी तेवढी माणसं बोलवा. त्या दावतीला मी येईन.