पिंपळावर मुंजा नाही

विहाराच्या अंगणात पिंपळ असतो. सकाळी त्याला आपण बोधिवृक्ष म्हणतो आणि दिवेलागण झाली की "त्याच्याखाली जाऊ नका, मुंजा धरील" असे आपल्याच घरांतून मुलांना सांगितले जाते. मुंजा म्हणजे कोण? मुंज झाली, पण लग्नाआधीच मेला अशा मुलाचे भूत, अशी समजूत. ज्या मुंजीचा आपल्या घराण्याशी कधी संबंध आला नाही, तिच्या भुताला आपल्या लेकरांनी का भ्यावे? १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांबरोबर जे मागे टाकले, त्यातच हेही जायला हवे होते.

मुलाचा हात धरून त्याच झाडाखाली उभे राहावे. वारा जाणवत नाही तरी पान का हलते? देठ लांब व बारीक, पान रुंद, म्हणून जराशी झुळूकही त्याला पुरते. रात्रीची सळसळ तीच. एवढे कळले की निम्मे भय जाते. पिंपळाला फूल दिसत नाही, कारण फुले फळाच्या पोटात असतात. चिलटासारखा इवलासा कीटक आत शिरतो आणि परागीभवन करतो. फळे पिकली की तांबट, मैना, बुलबुल जमतात. त्यांच्या विष्ठेतून बी चाळीच्या भिंतीत, पाइपाच्या फटीत पडते आणि रुजते. बाग नसलेल्या वस्तीतही पिंपळ असा आपणहून येतो. ते रोप कोवळे असतानाच मुळासकट काढून डब्यात लावावे, पुढे मोकळ्या जागी. घराला लागून नको, मुळे भिंत फोडतात. (झाडाला दोरे गुंडाळून फेरे घालणे हा निराळा प्रकार. तो आम्ही सांगत नाही.)

काही भगिनी म्हणतील, पाळीवर जाणाऱ्यांनी झाडे कधी पाहायची? प्रश्न खरा आहे. हा भरल्या पोटाचा छंद वाटतो, कारण आपल्या आजा-पणजांनी रान पाहिले ते मोळ्या वाहताना, दुसऱ्याच्या शेतात राबताना. तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. तरी रानाची खरी ओळख त्यांनाच होती. आजीला विचारा. टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा ती पानावरून सांगेल. पावसाळ्यात गावी गेलात तर मुलांना तिच्याबरोबर बांधावर पाठवा. तिने ओळखल्याशिवाय कोणताही पाला मात्र तोंडात घालू देऊ नका. ही विद्या कुठे लिहून ठेवलेली नाही, आजीबरोबरच जाईल.

वर्षावास आपण पाळतो, पण तो का सुरू झाला हे मुलांना सांगत नाही. भर पावसात भिक्खू चारिका करतात, कोवळे गवत आणि बारीक जीव पायांखाली तुडवतात, अशी लोकांची तक्रार तथागतांच्या कानी गेली. तेव्हा त्यांनी भिक्खूंना तीन महिने एका जागी राहण्यास सांगितले. ही गोष्ट विनयपिटकात आहे. चिखलातला गांडूळ पायाने चिरडणाऱ्या पोराला एवढी एक गोष्ट पुरते.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येक मुलाने पिंपळाचे एक पडलेले पान घरी न्यावे. ते डब्यात पाण्यात तीन-चार आठवडे भिजत ठेवावे, पाणी अधूनमधून बदलावे. डासांसाठी वर झाकण हवे. मग जुन्या दातांच्या ब्रशने हलकेच घासले की गर निघून जातो आणि शिरांची जाळी तेवढी राहते. वाळवून वहीत ठेवावी, खाली झाड कुठले ते लिहावे.