सशाच्या गोष्टीमागची कमावती बाई

बिअट्रिक्स पॉटर म्हटलं की निळ्या कोटातला पीटर ससा आठवतो, आणि त्याच्यामागे एक गोड, एकटी बाई. तिची ही ओळख मला अपुरी वाटते, किंबहुना सोयीची वाटते.

१८६६ साली लंडनच्या सुखवस्तू घरात ती जन्मली. भाऊ शाळेत गेला, हिला घरीच शिकवणी. अळंब्यांची तिने शेकडो चित्रं काढली, त्यांचे बीजाणू कसे रुजतात यावर निबंध लिहिला. १८९७ मध्ये तो लिनियन सोसायटीपुढे आला, पण तिच्या गैरहजेरीत. सभेला बायकांना मज्जाव होता! झालं ते चुकलं, हे संस्थेने मान्य केलं १९९७ मध्ये.

सशाची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा १९०१ मध्ये तिने पदरच्या पैशाने २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीने पुस्तक काढलं. १९०३ मध्ये पीटरच्या बाहुलीचा हक्क तिने स्वतः नोंदवला. ही जाण मला चित्रांइतकीच मोलाची वाटते. आपल्या गटांतल्या बायका गोधड्या शिवतात. नक्षी त्यांची, नाव आणि नफा दुकानदाराचा.

१९०५ मध्ये संपादक नॉर्मन वॉर्नने तिला मागणी घातली. तो धंदेवाल्यांच्या घरातला, म्हणून आईवडिलांचा विरोध. (त्यांची श्रीमंती कापडाच्या धंद्यातूनच आलेली, हे सोडून द्या.) महिन्याभरात नॉर्मन वारला. त्याच वर्षी तिने लेक डिस्ट्रिक्टमधलं हिल टॉप हे शेत घेतलं, मुख्यतः पुस्तकांच्या कमाईतून. चाळिशीला टेकलेली, आईवडिलांच्या धाकातली अविवाहित मुलगी, आणि शेत स्वतःच्या नावावर! पुढे ती जमीन घेत गेली, हर्डविक मेंढ्या पाळल्या. १९१३ मध्ये वकील विल्यम हीलिसशी लग्न केलं, तेही घरच्यांच्या नाखुशीतच. १९४३ मध्ये ती गेली, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन तिने नॅशनल ट्रस्टसाठी ठेवली होती.

आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये साऱ्या देशाने दिला. तरी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी मला कामात सतत भेटतात. बालवाचनालयात मुलींना पीटर ससा वाचून दाखवताना त्या २५० प्रतींबद्दल आणि हिल टॉपच्या खरेदीखताबद्दलही सांगावं, एवढंच माझं म्हणणं.