मण्यार डसली तरी मेंदू जागाच असतो

श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला जुन्नर तालुक्यातलं ओतूर गजबजतं, ते दिवस मण्यारीचेही असतात. पावसाळ्यात ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला डसते. दंश इतका हलका की अनेकदा जागही येत नाही. सूज नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. पहाटे पोटात कळ उठते. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही आणि शेवटी श्वास अडखळतो.

बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडाला हलत नाहीत, हातपाय लुळे. बघणारा म्हणतो, संपलं.

संपलेलं नसतं. मण्यारीचं विष मेंदूत शिरत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर त्याला आत येऊ देत नाही. मार बसतो तो मज्जातंतू जिथे स्नायूला भिडतो तिथे. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा श्वास घेण्याचा हुकूम सोडतच असते, पण तो श्वासपटलाच्या स्नायूपर्यंत पोचत नाही. बाहेरून कोणी श्वास देत राहिलं, तर अशा रुग्णाला सगळं ऐकू येऊ शकतं. खाटेभोवती चाललेली त्याच्याच अंत्यविधीची कुजबुजसुद्धा!

मेंदूला मारतो तो हवेचा तुटवडा. वजन जेमतेम १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोन टक्के. पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा हा एकटा अवयव वापरतो. पुरवठा बंद झाला की चार ते सहा मिनिटांत पेशी मरायला लागतात. ओतूरहून पुणे शंभरेक किलोमीटर.

आपल्याकडे सर्पदंशाची चर्चा 'सापाचं इंजेक्शन आहे की संपलं' इथेच अडकते. इंजेक्शन हवंच, तेही लवकर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर ते चालतं, आणि भगताकडे घालवलेला प्रत्येक तास महागात पडतो. पण मण्यारीने निकामी केलेली मज्जातंतूंची टोकं इंजेक्शनने लगेच जुळत नाहीत. ती नव्याने फुटायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. तोवर रुग्णासाठी श्वास कोणीतरी घ्यायचा: रुग्णालयात व्हेंटिलेटरने, वाटेत हाताने दाबायच्या अँब्यू बॅगेने. पिशवी स्वस्त आहे. ती नीट दाबणारा माणूस तयार करायला मात्र सराव लागतो, आणि खरी कमतरता तिथे आहे.

शेजारच्या नारायणगावात डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण बरे करत आले आहेत; म्हणजे तालुक्याच्या पातळीवर हे जमतं. देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सापामुळे गेली. केंद्राने २०२४ मध्ये आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्यासाठी जुन्नर आणि आंबेगावातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्रपाळीच्या परिचारिकेपासून रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत, सगळ्यांकडून दर पावसाळ्याआधी पिशवी दाबण्याचा सराव करून घ्यावा. आशाताईंनी घरोघरी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायला सांगावं. आणि कांद्याला पाणी द्यायला शेतकऱ्याला रात्री सापांच्या वाटेत, बांधावर पाठवणारं विजेचं वेळापत्रक बदलावं. हे काम आरोग्य खात्याचं नाही, पण त्याशिवाय आराखडा अर्धाच राहील.